‘किंवा’ची संभाव्यता: बेरीज करा, पण दुबार नोंद कापा

लग्नघरी आमंत्रणाच्या दोन याद्या होतात, एक पाहुण्यांची आणि एक गावकीची. पहिलीत १२० नावं, दुसरीत २००. म्हणून आचाऱ्याला ३२० पानं सांगितली की अन्न उरतं, कारण एखादा मामा गावातलाच असतो आणि त्याचं नाव दोन्ही याद्यांत असतं. दोन घटनांपैकी ‘ही किंवा ती’ घडण्याची संभाव्यता काढताना हीच चूक होते. मतदार यादीतल्या दुबार नावासारखी एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

सूत्र एका ओळीचं आहे:

सं(अ किंवा ब) = सं(अ) + सं(ब) − सं(अ आणि ब)

इथे सं म्हणजे संभाव्यता. पुस्तकात तिच्या जागी इंग्रजी पी असतो. ‘किंवा’साठी ∪ आणि ‘आणि’साठी ∩ ही चिन्हं संचांच्या धड्यातलीच आहेत. सूत्र पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम शेवटच्या पदाचं, म्हणजे दुबार भाग किती हे शोधण्याचं. म्हणून पुढे बहुतेक सगळं त्याच्याबद्दल आहे.

आधी ‘किंवा’ कोणता ते ठरवा

गणितातल्या ‘अ किंवा ब’ मध्ये तीन शक्यता येतात: फक्त अ, फक्त ब, आणि दोन्ही. बोलण्यातलं ‘किंवा’ असं उदार नसतं. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘दोन्ही’ हे उत्तर नव्हे. ‘तू ये, नाहीतर भावाला पाठव’ यात दोघं आले तर बिघडत नाही, पण सांगणाऱ्याच्या मनात एकच माणूस असतो. गणित सोडवताना ‘किंवा’ दिसलं की त्याच्या जागी ‘दोन्हीपैकी एक तरी’ घालून वाक्य वाचून बघा. अर्थ बसला तर वरचं सूत्र चालेल. बसत नसेल, ‘दोन्हीपैकी नेमकं एकच’ असं म्हणायचं असेल, तर दुबार भाग दोनदा वजा करा:

सं(नेमकी एक) = सं(अ) + सं(ब) − २ × सं(अ आणि ब)

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून दहावी करून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, जाणाऱ्या मुलांची इथे एक वेगळीच अडचण होते. ‘अथवा’ हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकांत तोच आहे, त्यामुळे तिथवर सगळं ठीक चालतं. पुढे सायन्सला इंग्रजी प्रश्नपत्रिका समोर येते आणि एकाच गोष्टीची तीन रूपं दिसतात. ‘ए ऑर बी’, ‘आयदर ए ऑर बी’ आणि ‘ॲट लीस्ट वन ऑफ ए अँड बी’ या तिन्हींचा अर्थ ‘एक तरी’. तिसऱ्यातला ‘अँड’ पाहून बरेच जण गुणाकार करून मोकळे होतात, आणि हातचा प्रश्न जातो. ‘एक्झॅक्टली वन’ म्हणजे नेमकी एक. ‘नायदर’ म्हणजे दोन्ही नाहीत, तिथे १ मधून ‘किंवा’चं उत्तर वजा करायचं. ‘म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे आपल्या परस्पर अपवर्जक घटना, आणि ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र घटना. या शेवटच्या दोघींची गल्लत सगळ्यात महाग पडते. तिच्याकडे पुढे येऊ.

टोलनाक्यावरची मोजणी

समजा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या कोगनोळी टोलनाक्याजवळ उभं राहून २०० गाड्या मोजायच्या आहेत. प्रश्न असा: यातली कुठलीही एक गाडी निवडली, तर ती केए पासिंगची असेल किंवा ट्रक असेल, याची संभाव्यता किती?

पहिली पायरी मोजायच्या आधीची आहे, आणि तीच गाळली जाते. घटनांची व्याख्या लिहून काढा. केए पासिंग म्हणजे केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक, सगळ्या कर्नाटकातलं काहीही. ट्रकमध्ये छोटा हत्ती धरायचा की नाही? उसाचा ट्रॅक्टर? गळीत हंगामात नुसत्या या एका निर्णयाने उत्तर हलेल. काय धरायचं ते तुमच्यावर आहे, पण एकदा ठरवलं की दोनशेव्या गाडीपर्यंत तेच.

दुसरी पायरी: दोन नव्हे, चार घरं आखा. इथे हमखास असं होतं की दोघं जण काम वाटून घेतात. एक जण केए पासिंग मोजतो, दुसरा ट्रक मोजतो. संध्याकाळी एकाकडे ११० आणि दुसऱ्याकडे ६० हे आकडे असतात, दोन्ही अगदी बरोबर असतात, आणि तरीही प्रश्न सुटत नाही. केए पासिंगचे ट्रक किती, हे दोघांपैकी कुणाच्याच वहीत नसतं आणि गाड्या तर केव्हाच निघून गेलेल्या असतात. ११० आणि ६० वरून तो आकडा काढायची कुठलीही युक्ती नाही. म्हणून प्रत्येक गाडीमागे एकच खूण, चारपैकी एकाच घरात. ताळ्याच्या खुणा करा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. वाहतूक वाढली की आकडे लिहीत बसायला सवड नसते.

| | ट्रक | ट्रक नाही | एकूण |
|---|---|---|---|
| केए पासिंग | २८ | ८२ | ११० |
| इतर पासिंग | ३२ | ५८ | ९० |
| एकूण | ६० | १४० | २०० |

(आकडे उदाहरणापुरते आहेत.)

तिसरी पायरी: सूत्रात भरा. ११० + ६० − २८ = १४२. संभाव्यता १४२/२००, म्हणजे ०.७१.

चौथी पायरी: दुसऱ्या वाटेने तपासा. ‘किंवा’त न बसणाऱ्या गाड्या कोणत्या? इतर पासिंगच्या आणि ट्रक नसलेल्या. कोल्हापूरची एमएच ०९ वाली कार, सांगलीची एमएच १० वाली जीप वगैरे. त्या ५८. आता २०० − ५८ = १४२. जुळलं. तक्ता हाताशी असेल तर खरं म्हणजे हीच वाट सोपी आहे, कारण एकच वजाबाकी आहे आणि दुबार मोजणीला जागाच नाही. नुसती बेरीज केली असती तर १७०/२००, म्हणजे ०.८५ आलं असतं. एकाहून कमी असल्यामुळे ते कुणाला खटकलंही नसतं. चुकीचं उत्तर असं बेमालूम दिसतं, धोका तिथेच आहे.

याच तक्त्यात आणखी एक सापळा आहे. कुणी सांगितलं, ‘ट्रकांपैकी सुमारे ४७ टक्के केए पासिंगचे होते.’ हा आकडा खरा आहे, २८/६० म्हणजे ४६.७ टक्के. पण हा दुबार भाग नव्हे. त्याचा छेद ६० आहे, आपल्याला हवा २००. थेट ०.५५ + ०.३० − ०.४७ केलं तर ०.३८ येतं, आणि नुसत्या केए पासिंगची संभाव्यताच ०.५५ असताना ‘केए किंवा ट्रक’ त्याहून कमी कशी असेल? अशी ‘अमक्यांपैकी तमके’ टक्केवारी मिळाली की आधी ती एकूण हिश्श्यात बदला: ०.४६७ × ०.३० = ०.१४. आता ०.५५ + ०.३० − ०.१४ = ०.७१. वाक्यात ‘पैकी’ दिसला की थांबून कशापैकी ते विचारायचं, एवढी सवय लावून घ्या.

दुबार भाग शून्य असतो तेव्हा

दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नसतील, तर त्या परस्पर अपवर्जक, आणि तिथे नुसती बेरीज बरोबर. एकाच गाडीची पाटी केए २२ आणि केए २३ अशी दोन्ही नसते. ‘केए २२ किंवा केए २३’ साठी सरळ मिळवा.

फाशांवर हा फरक स्वच्छ दिसतो. दोन फासे टाकले की ३६ निकाल. बेरीज ७ येण्याचे ६ निकाल, दोन्ही फाशांवर सारखे ठिपके येण्याचेही ६. सारखे आले तर बेरीज सम असते आणि ७ विषम, म्हणून दुबार काही नाही: १२/३६. आता ७ च्या जागी ८ घ्या. बेरीज ८ चे ५ निकाल, सारखे ठिपके ६, पण (४, ४) दोन्हीकडे आहे. ५ + ६ − १ = १०, म्हणजे १०/३६. प्रश्न जवळजवळ तोच, पण एकीकडे वजा करायचं आहे आणि दुसरीकडे नाही. शब्दांवरून अंदाज बांधू नका, यादी करून बघा.

भिशीतही हे येतं. वीस जणांची भिशी, दर महिन्याला एक चिठ्ठी, निघालेलं नाव पुन्हा डब्यात जात नाही. तुमचा नंबर पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यात लागण्याची संभाव्यता किती? अनेकांचं उत्तर १/२० + १/१९ असतं, कारण दुसऱ्या महिन्यात डब्यात १९ च चिठ्ठ्या उरतात. पण ते १/१९ ‘पहिल्या महिन्यात नाव निघालं नाही तर’ या अटीचं आहे, टोलनाक्यावरच्या ‘ट्रकांपैकी’ सारखंच. आज, एकही चिठ्ठी निघालेली नसताना, दुसऱ्या महिन्याची संभाव्यता १९/२० × १/१९ = १/२०. वीस महिन्यांपैकी कुठलाही महिना तुमच्यासाठी सारखाच. नाव एकदाच निघतं, म्हणून दुबार नाही: १/२० + १/२० = १/१०.

त्याच भिशीत सासू आणि सून दोघी सभासद आहेत आणि दर महिन्याला दोन चिठ्ठ्या काढतात, असं धरा. पहिल्याच महिन्यात घरात पैसे येण्याची, म्हणजे सासूचं किंवा सुनेचं नाव निघण्याची संभाव्यता? प्रत्येकीची २/२०, म्हणजे १९/१९०. पण आता दोघींची नावं एकदम निघू शकतात. २० मधून २ च्या जोड्या १९०, त्यातली सासू-सुनेची जोडी एक. ३८/१९० − १/१९० = ३७/१९०, म्हणजे सुमारे ०.१९५. एक चिठ्ठी काढताना अपवर्जक असलेल्या घटना दोन चिठ्ठ्या काढताच अपवर्जक राहत नाहीत.

स्वतंत्र घटना: इथे गुणाकार येतो

स्वतंत्र म्हणजे एक घडल्याने दुसरीच्या संभाव्यतेत फरक पडत नाही. अशा वेळी दुबार भाग गुणाकाराने मिळतो: सं(अ आणि ब) = सं(अ) × सं(ब). ‘स्वतंत्र’ आणि ‘अपवर्जक’ हे एकच समजणारे बरेच आहेत. प्रत्यक्षात ते जवळजवळ उलट आहेत. अपवर्जक घटनांत एक घडली की दुसरीची संभाव्यता शून्यावर येते. याहून जास्त परावलंबन ते काय असणार?

सोयाबीनची टोकण घ्या. बियाण्याची उगवण ७० टक्के आहे, प्रमाणित सोयाबीनसाठी किमान एवढी लागतेच. एका ठिकाणी दोन बिया टाकल्या तर तिथे रोप येण्याची संभाव्यता? ७० + ७० = १४० टक्के कुणी म्हणणार नाही. बिया एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं तर ०.७ + ०.७ − ०.४९ = ०.९१. यापेक्षा झटपट वाट म्हणजे दोन्ही न उगवण्याची संभाव्यता काढून १ मधून वजा करणं: १ − ०.३ × ०.३ = ०.९१. तीन बिया असतील तर १ − ०.०२७ = ०.९७३. ‘एक तरी’ म्हटलं की आधी ‘एकही नाही’ काढा. घटना जितक्या जास्त तितकी ही वाट फायद्याची.

सहा वेळा फासा टाकला की एक तरी सहा येणारच, हा समज याच बेरजेतून जन्मतो. १/६ सहा वेळा मिळवलं की १ होतं खरं, पण उत्तर १ − (५/६)^६, सुमारे ०.६६५. चार वेळा टाकला तर ०.५१८, दोन फासे २४ वेळा टाकून एक तरी जोड-सहा येण्याची संभाव्यता ०.४९१. अर्ध्याच्या अलीकडे आणि पलीकडे पडणारे हे दोन आकडे फ्रान्समधल्या मेरे नावाच्या जुगारी सरदाराच्या कोड्यातले. पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांमध्ये १६५४ साली जो पत्रव्यवहार झाला, त्याची सुरुवात याच सरदाराच्या प्रश्नांपासून झाली.

पण बियांकडे परत या. पेरणीनंतर जोराची सर येऊन वर ऊन पडलं आणि मातीला खपली धरली, तर एकाच ठिकाणच्या दोन्ही बिया अडकतात. कारण सामाईक असलं की स्वातंत्र्य संपतं आणि ०.९१ हा आकडा कागदावर राहतो. हे नीट कळायला घाटाचं उदाहरण घ्या.

बेळगावहून गोव्याला जायला चोर्ला घाट आहे, आणि शिनोळी-चंदगडवरून आंबोलीचाही रस्ता आहे. समजा, पावसाळ्यातल्या १०० दिवसांत चोर्ला १० दिवस बंद राहतो आणि आंबोली ८ दिवस. दोन्ही स्वतंत्र धरले तर एकदम दोन्ही बंद ०.१० × ०.०८ = ०.००८, आणि एक तरी बंद ०.१० + ०.०८ − ०.००८ = ०.१७२. पण दरड आणि झाडं पडतात ती पावसाने, आणि सह्याद्रीत तो पाऊस दोन्हीकडे एकाच वेळी कोसळतो. नोंदीवरून दोन्ही एकदम बंद असलेले दिवस ५ निघाले, असं समजा. मग एक तरी बंद ०.१० + ०.०८ − ०.०५ = ०.१३. आकडा कमी झाला म्हणून बरं वाटेल, पण वाहतूकदाराला ‘एक तरी बंद’शी काय देणंघेणं? त्याला हवा ‘एक तरी सुरू’. स्वतंत्र धरल्यावर तो ०.९९२ येत होता, खरा ०.९५ आहे. शंभर दिवसांत एखादा दिवस अडकण्याची तयारी ठेवलेला माणूस पाच दिवस अडकेल. दोन्ही घटना एकाच कारणाने घडत असतील तर नुसता गुणाकार करू नका. दोन्ही एकदम किती वेळा घडलं ते नोंदीतून मोजा.

दुबार भाग कळतच नसेल तर

एकच आकडा देता येत नाही, पण मर्यादा नक्की देता येतात. ‘किंवा’ची संभाव्यता दोघींपैकी मोठीपेक्षा कमी नसते, आणि दोघींच्या बेरजेपेक्षा (ती १ च्या वर गेली तर १ पेक्षा) जास्त नसते. वहीत फक्त ११० आणि ६० घेऊन आलेल्या त्या दोघांना एवढं तरी म्हणता येईल की उत्तर ०.५५ ते ०.८५ च्या मध्ये आहे. दोघींची बेरीज १ च्या वर जात असेल तर उलटीही माहिती मिळते. वर्गातल्या ७० टक्के मुलांना कन्नड वाचता येतं आणि ६० टक्क्यांना मराठी, तर किमान ३० टक्क्यांना दोन्ही येतंच; त्याशिवाय आकडे बसणार नाहीत.

हीच मर्यादा परीक्षेत उत्तर तपासायलाही वापरा. उत्तर मोठ्या संभाव्यतेपेक्षा लहान आलं तर दुबार भाग जास्त कापला गेला, बहुधा छेद वेगळा होता. बेरजेएवढंच आलं तर घटना खरंच अपवर्जक आहेत का ते बघा. आणि ०.३ सोबत ३० टक्के मिसळून ३०.३ लिहिणारेही असतात. सुरुवातीलाच सगळं अपूर्णांकात किंवा सगळं दशांशात आणून घ्या. अपूर्णांकात असाल तर शेवटपर्यंत छेद एकच ठेवा, मधेच १०/३६ चं ५/१८ करू नका, संक्षेप शेवटी.

तीन घटना आल्या तर

तिन्ही मिळवा, जोड्यांचे तिन्ही दुबार भाग वजा करा, आणि तिन्हींत सामाईक असलेला भाग परत मिळवा. परत का? तो भाग पहिल्यांदा तीनदा मिळवला गेला, मग तीनदाच वजा झाला, म्हणजे यादीतून पार उडाला.

१ ते ६० अंकांच्या चिठ्ठ्यांतून एक काढली. ती २, ३ किंवा ५ ने भाग जाणारी असण्याची संभाव्यता बघू. २ चे ३०, ३ चे २०, ५ चे १२. दोन-तीनचे सामाईक १०, दोन-पाचचे ६, तीन-पाचचे ४, तिन्हींचे २. ३० + २० + १२ − १० − ६ − ४ + २ = ४४, म्हणजे ४४/६० = ११/१५. पडताळा हवा असेल तर उरलेल्या १६ संख्या लिहून काढा: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ आणि यांतल्या प्रत्येकीत ३० मिळवून येणाऱ्या आठ.